एच.एस.एस. : ड्रिल बिटवरच्या तीन अक्षरांमागचा माणूस

वर्कशॉपमधला कुठलाही चांगला ड्रिल बिट हातात घ्या. त्याच्या शँकवर बारीक अक्षरांत साईझ असते आणि शेजारी तीन अक्षरं असतात, एच.एस.एस. व्हायवामध्ये याचा फुल फॉर्म विचारला तर झोपेतून उठवलेला विद्यार्थीसुद्धा सांगेल : हाय स्पीड स्टील. पण हे स्टील आलं कुठून, कोणी केलं, असं विचारलं की शांतता पसरते.

गंमत म्हणजे त्या माणसाचं नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मेटल कटिंगच्या पेपरला आपण टेलरचं टूल लाइफ इक्वेशन लिहितो. इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला सायंटिफिक मॅनेजमेंटचा जनक म्हणून पुन्हा टेलर लिहितो. दोन्ही पेपरातला टेलर एकच, फ्रेडरिक विन्स्लो टेलर, हे मला थर्ड इयरला येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. एका विषयात तो टूल किती वेळ टिकेल ते मोजतो, दुसऱ्या विषयात माणूस किती काम करील ते मोजतो. या दोन मोजण्यांमध्ये केवढा फरक आहे, तेच मला या लेखात सांगायचं आहे. शिवाय सुट्टीत घरी रॅक, स्टूल, लॅम्प असं काहीबाही बनवणाऱ्या मित्रमैत्रिणींना चांगला बिट कसा निवडायचा, तेही यातूनच कळेल.

श्रीमंताघरचा उमेदवार

टेलरचा जन्म २० मार्च १८५६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊन इथे झाला. घरची परिस्थिती उत्तम. वडील वकील होते, पण पोटासाठी वकिली करायची त्यांना गरज नव्हती. आई गुलामगिरीच्या विरोधात काम करणारी. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे साधी राहणी, काटेकोर शिस्त आणि कामाला देव मानणारं वातावरण. लहानपणी काही वर्षं तो आईवडिलांबरोबर युरोपात राहिला, तिथल्या भाषा शिकला.

मोजण्याचा नाद त्याला लहानपणापासून होता. त्याच्या बालमित्रांनी पुढे आठवणी सांगितल्या, की खेळायचं मैदान इंच न् इंच बरोबर आखलं गेल्याशिवाय तो खेळ सुरू होऊ द्यायचा नाही. चालायला गेला तर कोणत्या चालीने कमी दमून जास्त अंतर कापता येतं, याचे प्रयोग करायचा. अशा मुलाबरोबर खेळणं किती कंटाळवाणं झालं असेल याची कल्पना करा! पण हाच कंटाळवाणा गुण पुढे जगाच्या कामी आला.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो हार्वर्डला जाऊन वकील व्हायचा. एक्झिटर या नावाजलेल्या शाळेत शिकून त्याने हार्वर्डची प्रवेश परीक्षा उत्तम रीतीने पासही केली. पण रात्रंदिवस अभ्यास करून डोळे आणि डोकं दोन्ही दुखायला लागलं. पुस्तकांपासून दूर राहायचं म्हणून १८७४ साली हा मुलगा फिलाडेल्फियातल्या एका पंप बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. पॅटर्न मेकिंग आणि मशीनिंग शिकायला. तेही सुरुवातीला जवळजवळ फुकट. आजच्या भाषेत सांगायचं तर आय.आय.टी.त सीट मिळालेला मुलगा ती सोडून फिटरच्या हाताखाली बसला. अर्थात घरी पैसा होता म्हणून हे जमलं, हेही खरं. पण चार वर्षं त्याने हात काळे केले, ते मनापासून.

उमेदवारी संपली तेव्हा अमेरिकेत मंदी होती. मशिनिस्टची जागा मिळेना, म्हणून १८७८ साली तो मिडव्हेल स्टील कंपनीत साधा मजूर म्हणून लागला. तिथून कारकून, मग मशिनिस्ट, गँग बॉस, फोरमन असं चढत चढत सहा वर्षांत तो त्याच कंपनीचा चीफ इंजिनिअर झाला. याच काळात नोकरी सांभाळून त्याने स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १८८३ साली, बहुतेक अभ्यास घरी बसून. शिवाय १८८१ साली क्लॅरेन्स क्लार्कबरोबर अमेरिकेची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा जिंकली, दुहेरीत. सबमिशनमुळे वेळ मिळत नाही म्हणून रडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सहा महिन्यांचा प्रयोग, सव्वीस वर्षं

मिडव्हेलमध्ये टेलरच्या लक्षात एक गोष्ट आली. लेथवर जॉब लावला की कारागीर स्पीड किती ठेवायचा, फीड किती द्यायचा, टूलला धार कशी लावायची, हे सगळं अंदाजाने ठरवायचा. प्रत्येकाचा अंदाज वेगळा. बाप मुलाला सांगायचा, उस्ताद उमेदवाराला सांगायचा, पण मोजलेलं कुणीच नव्हतं. १८८० साली त्याने कंपनीचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांच्याकडे प्रयोगाची परवानगी मागितली. अंदाज होता सहा महिन्यांचा. प्रयोग चालले सव्वीस वर्षं!

सुरुवात झाली ६६ इंची व्हर्टिकल बोरिंग मिलवर. त्यावर इंजिनाच्या चाकांच्या पोलादी धावा चढवायच्या आणि तासत राहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण लॅबमध्ये आपण दोन रीडिंगमध्येच कंटाळून तिसरं रीडिंग मनाने लिहितो. टेलरच्या नोंद झालेल्या प्रयोगांची संख्या ३०,००० ते ५०,००० च्या घरात आहे आणि त्यात ८ लाख पौंड, म्हणजे साडेतीन लाख किलोपेक्षा जास्त लोखंडाचा कीस पडला.

यातून पहिला शोध लागला तो अगदी साधा. टूलच्या टोकावर, जिथे कीस सुटतो तिथे, पाण्याची जोरदार धार सोडली की स्पीड ४० टक्क्यांनी वाढवता येतो. १८८४ साली मिडव्हेलच्या नव्या शॉपमध्ये प्रत्येक मशीनला सोडा मिसळलेल्या पाण्याची लाइन दिली गेली. हे कुणापासून लपवलेलं नव्हतं, बाहेरची माणसं येऊन बघून जायची. तरीसुद्धा कितीतरी वर्षं दुसऱ्या कारखान्यांनी ते उचललं नाही. आपल्याकडे कुलंटचा नळ बंद ठेवून ड्रिलिंग करणारे आजही आहेत, तेव्हा त्या काळच्या लोकांना काय नावं ठेवायची!

लालभडक टोक

आता मुख्य गोष्ट. त्या काळी टूल म्हणजे कार्बन स्टील. लोहार कोयत्याला पाणी देतो तसंच, तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. कडकपणा छान येतो, पण टूल कापताना साधारण दोनशे-अडीचशे अंशांच्या वर तापलं की तो कडकपणा उतरायला लागतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मुशेटने १८६८ साली टंगस्टन घातलेलं स्टील काढलं होतं. ते पाण्यात न बुडवता हवेतच कडक व्हायचं आणि कार्बन स्टीलपेक्षा बरंच जास्त टिकायचं. ड्रिल बिटचा आजचा पिळाचा आकारही तोवर आला होता. स्टीफन मोर्सने १८६३ साली त्याचं पेटंट घेतलं, तोच मोर्स टेपरवाला मोर्स. म्हणजे आकार तयार होता, पण त्याला साजेसं पोलाद यायचं होतं.

१८९८ साली टेलर बेथलेहेम स्टील कंपनीत गेला. तिथे त्याला मॉन्सेल व्हाइट नावाचा धातुशास्त्रज्ञ भेटला. कुठल्या कंपनीचं टूल स्टील सर्वात चांगलं, हे टेलरला तिथल्या लोकांना दाखवायचं होतं. पण ज्या स्टीलवर त्याचा भरवसा होता त्याचीच टूल्स चाचणीत नापास झाली. बहुधा भट्टीत जास्त तापली असणार. आपण असतो तर नवीन टूल्स आणून चाचणी उरकली असती. टेलर आणि व्हाइट यांनी मात्र जास्त तापणं म्हणजे नेमकं किती, याचाच पद्धतशीर शोध घ्यायचं ठरवलं.

जुन्या लोहारांचा नियम होता की चेरीसारखा लाल रंग आला की थांबायचं, त्यापुढे टूल वाया जातं. प्रयोगात तसंच दिसलं. साधारण ८४० अंश सेल्सिअसच्या पुढे टूल बिघडत गेलं. कुणीही इथेच थांबला असता. हे दोघं पुढे गेले. आणि ९४० अंशांच्या पुढे गाडी उलटी फिरली. क्रोमियम आणि टंगस्टन असलेलं ते स्टील जितकं जास्त तापवावं तितकं चांगलं होत गेलं, अगदी वितळायच्या बेतात येईपर्यंत. मग थंड करून पुन्हा सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवलं की आणखी सुधारणा. असं टूल जुन्या टूलच्या दुप्पट ते चौपट स्पीडने कापायचं.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात हे दाखवलं गेलं. लेथ चालू आहे, कीस निळा होऊन पडतोय, टूलचं टोक तापून लाल झालंय आणि तरीही कापतंय! युरोपातले इंजिनिअर बघत राहिले. टूल लाल झालं की मेलं, हे त्यांनी आयुष्यभर मानलं होतं. तापूनही कडक राहण्याच्या या गुणाला आपण रेड हार्डनेस म्हणतो. पुढे त्यात व्हॅनेडियम आलं आणि १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम, १ टक्का व्हॅनेडियम असं १८-४-१ स्टील रूढ झालं. आज दुकानात मिळणारा एच.एस.एस. बिट बहुतेक मॉलिब्डेनमच्या एम-२ जातीचा असतो, पण गुण तोच.

१९०६ साली टेलर अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. अध्यक्षीय भाषण म्हणून त्याने या सव्वीस वर्षांच्या कामाचा भला मोठा निबंध वाचला. कापण्यावर परिणाम करणाऱ्या १२ गोष्टी त्याने मांडल्या. त्यातूनच आपलं लाडकं समीकरण आलं : कटिंग स्पीड गुणिले टूल लाइफचा एनवा घात बरोबर स्थिरांक. हे सगळं गणित शॉपमधल्या माणसाला सेकंदात करता यावं म्हणून त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने खास स्लाइड रूल बनवला होता.

मग बिट कोणता घ्यायचा?

हे समीकरण परीक्षेपुरतं नाही, घरच्या ड्रिल मशीनलाही लागू आहे. हाय स्पीड स्टीलसाठी एनची किंमत अगदी लहान असते, १/८ च्या आसपास. याचा अर्थ असा की स्पीड फक्त १० टक्के वाढवला तर बिटचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं. आणि १० टक्के कमी केला तर सव्वादोन पटीहून जास्त वाढतं. म्हणजे बिट टिकाऊ आहे की नाही, हे निम्मं दुकानात ठरतं आणि निम्मं आपल्या ट्रिगरवरच्या बोटात.

माइल्ड स्टीलला एच.एस.एस. बिटने मिनिटाला २५ मीटरच्या आसपास कटिंग स्पीड धरतात. हिशोब केला तर ३ मि.मी. च्या बिटला सुमारे २६५० आर.पी.एम., ६ मि.मी. ला १३००, आणि १० मि.मी. ला ८००. घरगुती ड्रिल मशीन पूर्ण दाबलं की अडीच-तीन हजार फेरे घेतं. म्हणजे १० मि.मी. चा बिट आपण तिप्पट-साडेतीनपट स्पीडने चालवतो आणि मग दुकानदाराने फसवलं म्हणतो. मोठा बिट, कमी फेरे. स्टेनलेस स्टील असेल तर याच्याही निम्म्याने.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एम.एस. फ्लॅट आणि सागवानाच्या फळ्यांचा पुस्तकांचा रॅक बनवला. त्यासाठी पुण्याच्या बोहरी आळीत अर्धा दिवस फिरून जे शिकले ते असं :

एक, एका चांगल्या बिटच्या किमतीत पूर्ण डबा मिळत असेल तर तो बहुधा कार्बन स्टीलचा आहे. मऊ लाकडासाठी हरकत नाही, लोखंडाला नको. कार्बन स्टीलचा बिट निळा पडला की त्याचा कडकपणा गेला. एच.एस.एस. बिटला थोडी निळसर झाक आली तरी तो कामाचा असू शकतो, कारण सहाशे अंशांपर्यंत तो तग धरतो. पुन्हा धार लावली की चालू. हाच टेलरचा आशीर्वाद.

दोन, सोनेरी रंगाला भुलू नका. खरं टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग चांगलंच असतं, पण ते काही मायक्रॉन जाडीचं असतं आणि धार लावताना टोकावरून निघून जातं. खाली कुठलं स्टील आहे ते महत्त्वाचं. आत कार्बन स्टील असेल तर वर सोनं लावूनही उपयोग नाही.

तीन, स्टेनलेसची भांडी, पाइप, ग्रील यांना भोकं पाडायची असतील तर कोबाल्टवाला बिट घ्या. एम-३५ मध्ये ५ टक्के आणि एम-४२ मध्ये ८ टक्के कोबाल्ट असतं. महाग असतो आणि ठिसूळही, वाकडा दाब दिला की मोडतो. स्टेनलेसमध्ये बिट नुसता घासत ठेवू नका. तो भाग घासून आणखी कडक होतो. हळू फेरे आणि भरपूर दाब.

चार, टोकाचा कोन बघा. साधा बिट ११८ अंशांचा असतो. १३५ अंशांचा स्प्लिट पॉइंट कडक धातूवर घसरत नाही. तरीही सेंटर पंच मारल्याशिवाय सुरुवात करायची नाही. आणि मोठं भोक पाडायचं तर आधी लहान पाडून घ्यायचं.

पाच, लाकडासाठी मध्ये टोकदार काटा असलेला ब्रॅड पॉइंट बिट उत्तम. त्याच्या कडेच्या धारा आधी लाकडाचे तंतू कापतात, म्हणून भोक स्वच्छ येतं. मोठ्या भोकाला फ्लॅट बिट, खोल भोकाला ऑगर, म्हणजे आपलं जुनं गिरमिटच. प्लायवूडमधला डिंक धार लवकर घालवतो, म्हणून प्लायसाठी एच.एस.एस. ठेवा. आणि खाली रद्दी फळी लावा, नाहीतर मागची बाजू फुटते.

सहा, भिंतीचा बिट भिंतीलाच. त्याच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा असतो, पण त्याची धार ठोकून फोडण्यासाठी बोथट ठेवलेली असते. लोखंडात तो फक्त गरम होतो.

सात, विकत घेताना बिट काउंटरच्या काचेवर गडगडवून बघा. वाकडा असेल तर लगेच कळतं. टोकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आहेत का तेही बघा. एक लांब असेल तर भोक मोठं पडणार.

आणि हो, स्टीलला कापताना तेलाचे दोन थेंब, ॲल्युमिनियमला रॉकेल, बिडाला कोरडंच. जॉब पकडीत बांधा, गॉगल लावा, हातमोजे घालू नका, वेणी-ओढणी आवरून बसा. टेलरच्या पाण्याच्या धारेपासून आपल्या दोन थेंबांपर्यंत तत्त्व एकच आहे : टूल कामाने मरत नाही, उष्णतेने मरतं.

घड्याळाची दुसरी बाजू

इथपर्यंतचा टेलर मला मनापासून आवडतो. पुढचा टेलर समजून घ्यायला जड जातो.

टूलबरोबरच तो माणसांनाही मोजत होता. कामगार मुद्दाम हळू काम करतात, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्याला आतून माहीत होतं. मशिनिस्ट असताना तो स्वतः त्यांच्यातलाच होता. गँग बॉस झाला आणि त्याच सोबत्यांशी दोन-तीन वर्षं त्याची कडवी लढाई झाली. त्यातून त्याने उपाय काढला : काम तुकड्या-तुकड्यांत तोडायचं, प्रत्येक तुकडा स्टॉपवॉचने मोजायचा, सर्वोत्तम पद्धत ठरवायची आणि ती पाळणाऱ्याला जास्त पगार द्यायचा.

बेथलेहेममध्ये त्याने फावड्यांवर प्रयोग केले. एका फावड्यात २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास माल आला तर माणूस दिवसभरात सर्वात जास्त काम करतो. म्हणून हलक्या मालाला मोठं फावडं, जड मालाला लहान. हे खरोखर शहाणपणाचं होतं, माणसाची पाठ वाचवणारं. पण दुसरी गोष्ट लोखंडाच्या ठोकळ्यांची. दिवसाला साडेबारा टन उचलणाऱ्या मजुराकडून साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतले आणि पगार १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर केला. काम जवळजवळ चौपट, पगार दीडपटीपेक्षा थोडा जास्त. आणि असं काम करणारा माणूस बुद्धीने बैलासारखा असावा लागतो, अशा अर्थाचं टेलरने लिहून ठेवलं. पुढे इतिहासकारांनी कागदपत्रं तपासली तेव्हा ही गोष्ट त्याने बरीच रंगवून सांगितल्याचं दिसलं. कटिंगच्या प्रयोगात दशांशापर्यंत काटेकोर असणारा माणूस इथे सैल कसा झाला, हा प्रश्न मला पडतो.

इथे मला घरचं एक सांगावंसं वाटतं. माझे बाबा भोसरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं टर्नर होते. तिथे इन्सेंटिव्ह स्कीम होती. मला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं ठरलं तेव्हा फी पगारातून निघणार नव्हती, ती इन्सेंटिव्हमधून निघाली. म्हणजे माझं इंग्लिश एका अर्थाने टेलरच्या कल्पनेवर उभं आहे. पण बाबा हेही सांगायचे, की टार्गेट गाठलं की पुढच्या वर्षी टार्गेट वाढायचं. मागे घड्याळ घेऊन एक तरुण इंजिनिअर उभा राहायचा. तो आला की शॉपमधली सगळी माणसं एकदम हळू व्हायची. बाबांना त्या मुलाचा राग नव्हता. त्याने एकदाही जॉबबद्दल काही विचारलं नाही, याचं मात्र त्यांना वाईट वाटायचं. त्या जॉबला कोणता टूल अँगल चालतो हे बाबांना माहीत होतं आणि त्या मुलाला नव्हतं.

टेलरच्या बाजूनेही सांगायला हवं. जास्त काम झालं म्हणून रेट कापणाऱ्या मालकांच्या तो विरोधात होता आणि तसं त्याने स्पष्ट लिहिलं. मालकांनी त्याचं घड्याळ घेतलं, ही अट सोडून दिली.

शेवटची वर्षं

१९०१ साली बेथलेहेमने त्याला काढलं. त्याच वर्षी त्याने आणि पत्नी लुईझने आईवडील गमावलेल्या तीन मुलांना दत्तक घेतलं. पैशांची ददात नव्हती, म्हणून पुढे त्याने पगारी नोकरी केली नाही. गोल्फच्या हिरवळीसाठी गवत कसं वाढवावं याचे प्रयोग, नाहीतर आपल्या पद्धतीचा प्रचार. १९०९ साली न्यायालयात हाय स्पीड स्टीलची पेटंट रद्द ठरली. स्टील जगाचं झालं. १९११ साली सायंटिफिक मॅनेजमेंटवरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात मोल्डर लोकांनी स्टॉपवॉचविरुद्ध काम बंद केलं. एकाने घड्याळासमोर काम करायला नकार दिला, त्याला काढलं, म्हणून बाकीचे बाहेर पडले. प्रकरण अमेरिकन संसदेच्या समितीपुढे गेलं. जानेवारी १९१२ मध्ये टेलरला तिथे चार दिवस उलटतपासणी द्यावी लागली. तो फार दुखावला गेला. आपण कामगारांचं भलंच करतोय, अशी त्याची खरोखर श्रद्धा होती.

२१ मार्च १९१५ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, फिलाडेल्फियाच्या हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाने तो गेला. असं सांगतात, की त्या पहाटे नर्सला त्याच्या खोलीतून घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने ती आत गेली तेव्हा तो नव्हता. त्याच वर्षी अमेरिकन संसदेने सैन्याच्या कारखान्यांत स्टॉपवॉच वापरून कामगार मोजायला पैसे देणं बंद केलं. ती बंदी १९४९ पर्यंत टिकली.

मला वाटतं टेलरची मोठी चूक एवढीच, की टूलला जे समीकरण लागू पडलं ते त्याने माणसाला लावायला घेतलं. ड्रिल बिट मुद्दाम हळू चालत नाही. त्याला मुलीची फी भरायची नसते. त्याला दोनदा मोजलं तर तो रागावत नाही. म्हणून त्याचं आयुष्य एका ओळीच्या सूत्रात बसतं. माणूस बसत नाही, कारण मोजणाऱ्याकडे तोही बघत असतो.

पुढच्या वर्षी आपल्यातले बरेच जण चाकण, रांजणगाव, नाशिक, औरंगाबादच्या कारखान्यांत ट्रेनी म्हणून उभे असतील. घड्याळाच्या ऐवजी आता कॅमेरा आणि सॉफ्टवेअर असेल. बिट निवडताना टेलरसारखे काटेकोर व्हा, ८४० अंशांवर न थांबता पुढे जायची जिद्द त्याच्याकडून घ्या. पण मशीनवरच्या काकांसमोर मोजायला उभं राहण्याआधी त्यांना एकदा विचारा, की या जॉबला तुम्ही धार कशी लावता. उत्तर आपल्या पुस्तकात नसण्याची शक्यता बरीच आहे.

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी